ठराव क्रमांक एकशे एकेचाळीस

वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन आटोपलं, वंदना झाली, भंतेजी भोजनदान घेऊन पुढच्या गावी गेले, आणि येसराच्या आमटीवर तिसऱ्यांदा हात मारून आनंदराज रेणापूरच्या घरी पुढच्या खोलीत भिंतीला टेकला, तेव्हा त्याला स्वतःविषयी फार चांगलं वाटत होतं. असं वाटलं की त्यापाठोपाठ काहीतरी वाईट होतं, हा त्याचा चोपन्न वर्षांचा अनुभव होता. पण अनुभवाने शहाणा होईल तो प्राध्यापक कसला!

चांगलं वाटायला कारण होतं. सकाळी नांदेडहून आल्यावर गाडीतून पाय खाली टाकतो न टाकतो तोच धाकट्या भावाने, शुद्धोधनने, त्याला बाजूला घेतलं होतं. शुद्धोधन ग्रामसेवक. गोल शिक्का दिसला की तो उभ्या उभ्या अख्खा कागद वाचून काढी. त्याच्या हातात आनंदराजचाच अहवाल होता, प्रिंट काढून, स्पायरल करून. 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मिश्र अध्यापन आणि पूर्ण ऑनलाइन अध्यापन : एक तुलनात्मक अभ्यास.' अठ्ठेचाळीस पानं, दोनशे बारा विद्यार्थी, सात आलेख. मार्चमध्ये आनंदराजने तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्याला तीन अंगठे आले होते आणि त्यातला एक त्याचा स्वतःचाच होता.

"दादा, समदा वाचून काढला," शुद्धोधन म्हणाला. "पान एकतीस तर दोनदा."

पान एकतीसवर निष्कर्ष होता. आठवड्यातले तीन दिवस वर्गात आणि तीन दिवस घरून शिकणारी मिश्र वर्गाची मुलं, आणि सहाही दिवस घरूनच शिकणारी पूर्ण ऑनलाइन मुलं, 'या दोहोंत लक्षणीय फरक आढळत नाही.' शुद्धोधनने त्याखाली पट्टी धरून लाल रेघ मारली होती.

मग त्याने काम सांगितलं. महिन्यापूर्वी आई, म्हणजे सरजाबाई, मोरीत घसरून पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. अजून तीन महिने त्यांना उठवायला, बसवायला माणूस हवं होतं. शुद्धोधनचं ऑफिस, त्याची बायको विशाखा अंगणवाडी सुपरवायझर. उरली एकुलती एक मुलगी धम्मप्रिया, लातूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, मिश्र वर्गात. महिनाभर ती घरीच होती, सगळे तास फोनवरून करत होती. आता तिच्या कॉलेजने वर्ग बदलून घ्यायची मुभा दिली होती. फॉर्म उद्या, सोमवारी, द्यायचा होता.

"पूर्ण ऑनलाइन करून टाकू तिचं. तू सूचक हो दादा. तुझ्या तोंडून आलं की पोरगी न्हाई म्हणणार न्हाई."

इथे आनंदराजने विचारायला हवं होतं की पोरीचं काय म्हणणं आहे. त्याने विचारलं, "स्पायरल कुठं केलंस रे? छान झालंय."

*

या घराला ठरावाची सवय तात्यांनी लावली. पंढरी तात्या कंधारच्या पंचायत समितीत शिपाई म्हणून लागले आणि कारकून होऊन निवृत्त झाले. ज्या माणसाला लहानपणी गावच्या बैठकीत जाजमाच्या कडेलासुद्धा टेकू दिलं नव्हतं, त्याने निम्मी नोकरी दुसऱ्यांच्या बैठकांना सतरंज्या अंथरल्या, पाणी दिलं, आणि एक दिवस ठरवलं की आपल्याही घरात बैठक भरेल. तेव्हापासून घरात काहीही ठरायचं ते ठरावानेच. आनंदराजचं लग्न, कंधारचं घर विकून रेणापुरात बांधणं, परभणीच्या आत्याशी अबोला धरणं आणि पुढे तो सोडणं, सगळ्याला सूचक, अनुमोदक, तारीख आणि सह्या. मत बायकांनाही, अगदी पहिल्या दिवसापासून. अट एकच, दहावी पास. ज्याच्याविषयी ठराव त्याला मत नाही. मतं सारखी पडली तर अध्यक्ष सांगेल ते. तात्या गेल्यावर अध्यक्षपद सरजाबाईंकडे आलं. त्या दहावीच काय, दुसरीही पास नव्हत्या, पण अध्यक्षाला शिक्षणाची अट तात्यांनी ठेवलीच नव्हती. का ठेवली नव्हती, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तर बैठक भरली. सरजाबाई खाटेवर उशांना टेकून. खाली सतरंजीवर आनंदराज, त्याची बायको सुकेशिनी, शुद्धोधन आणि विशाखा. आनंदराजचा मुलगा सम्यक नांदेडला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचा. रविवारीही त्याला 'मीटिंग' होती, म्हणून तो फोनवर हजर होता. फोन तांब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात निळ्या गोलात पांढरा 'स' दिसत होता. रजिस्टर धम्मप्रियाच्या मांडीवर. घरात अक्षर तिचंच बरं, म्हणून दोन वर्षांपासून इतिवृत्त तीच लिही. आज तिच्याविषयीचाच ठराव होता, तरी कुणाला दुसरा लेखनिक शोधावासा वाटला नाही.

तिने उपस्थिती लिहिली. शेवटची ओळ, 'सम्यक (ऑनलाइन) – हजर.'

आनंदराज उठून उभा राहिला. बसून बोलायची त्याला सवय नव्हती. "आता बघा," त्याने सुरुवात केली, "मुळात शिक्षण म्हणजे काय?"

सुकेशिनीने डोळे मिटले. बत्तीस वर्षांच्या संसारात 'मुळात' या शब्दानंतर किती वेळ जातो हे तिला पाठ झालं होतं. आज अकरा मिनिटं गेली. अंतर मिटवणं, ज्ञान घरोघरी, आलेख क्रमांक चार. शेवटी, धम्मप्रियाने पूर्ण ऑनलाइन वर्गात नाव घालावं, म्हणजे शिक्षणही चालेल आणि आईची देखभालही होईल, असा ठराव त्याने मांडला. आपण फार समतोल बोललो असं त्याला वाटलं.

"मला मान्य नाही," सुकेशिनी म्हणाली.

"अगं, तू माझ्याकडून आहेस ना?"

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फोनवर शाळा भरली तेव्हा पोरं काय शिकली, ते मी बघितलंय. तिसरीतली पोरं पाचवीत आली आणि त्यांना स्वतःचं नाव लिहिता येईना."

"ती लहान पोरं होती. ही कॉलेजची आहे. शिवाय माझा अभ्यास..."

"तुमचा अभ्यास मी टाइप केलाय," सुकेशिनी म्हणाली.

यावर उत्तर दिलं ते विशाखाने. ती इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली होती. "अक्का, पोरीला कॉलेजात धाडा म्हणायला काय जातंय?" ती जावेला म्हणाली आणि खाटेवरच्या सासूकडे हात केला. "तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट न्हाई. तिथं आत्याबाईला कोण चढवायचं? माझ्याकडं बत्तीस गावच्या अंगणवाड्या हायत. रजा टाकून टाकून आता साहेब रागवायचं सोडून नुसते हसून राहिलेत."

"माझीही शाळा आहे गं विशाखा."

"हाव ना! शाळा समद्याला हाय, ऑफिस समद्याला हाय. पोरीचं कॉलेज तेवढं फोनात मावून राहिलंय." असं म्हणून विशाखा एकदम थांबली. आपण कुणाच्या बाजूने बोललो, हे तिचं तिलाच कळेना. तिने पदर सोडून दिला आणि लेकीकडे बघितलं. लेक मान खाली घालून लिहीत होती.

शुद्धोधनला वारं फिरताना ऑफिसात लगेच कळत असे, घरातही कळलं. "चर्चा झाली. मताला टाका," तो घाईने म्हणाला.

"पप्पा, नियम सहा," धम्मप्रिया म्हणाली. "मत टाकायच्या आधी सूचकाला प्रश्न इचारता येतात."

"ज्याच्याविषयी ठराव त्याला मत न्हाई."

"मत कुटं मागून राहिले? प्रश्न हाय." तिने रजिस्टरात बोट ठेवून आनंदराजकडे बघितलं. "मोठे पप्पा, फरक न्हाई म्हणता, ते मोजलं कसं?"

आनंदराज खूश झाला. कार्यपद्धतीबद्दल त्याला अजून कुणीच विचारलं नव्हतं, प्राचार्यांनीसुद्धा नाही. "तीन गोष्टी घेतल्या बघ. हजेरी, गुण आणि विद्यार्थ्यांचा अभिप्राय. हजेरी तर ऑनलाइनचीच जास्त निघाली. चौऱ्याण्णव टक्के."

"हजेरी कशी घेतली?"

"लिंकवर नाव दिसलं की हजर."

"मंग सम्यकदादा आत्ता हजर हाय?"

"आहे की. तूच लिहिलंस."

धम्मप्रिया तांब्याकडे झुकली. "सम्यकदादा, ठराव कशाचा चाललाय?"

फोनातून कुणीतरी गडबडीने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हो हो, सहमत. माझं अनुमोदन आहे."

"बघा, अनुमोदन मिळालं," शुद्धोधन म्हणाला.

"दादा, कशाला अनुमोदन?"

फोनात कीबोर्डची टकटक झाली. "ते... आजीच्या घरावर सोलर बसवायचंय ना?"

आधी विशाखा हसली. मग सगळेच हसले. सरजाबाईंना हसताना खुबा दुखला, त्या एका हाताने खाटेची कड धरून हसत राहिल्या. "पोटचं आहे," असं म्हणत सुकेशिनीने कपाळाला हात लावला. आनंदराजही मोठ्याने हसला, आणि मध्येच थांबला. कारण त्याला जानेवारीतला तो गुरुवार आठवला.

त्या गुरुवारी त्याने ऑनलाइन वर्गाला मागणीची लवचिकता शिकवली होती. अशी शिकवली होती की स्वतःचेच कान तृप्त झाले. उदाहरणं काय, विनोद काय. एकसष्ट मुलं हजर होती. तास संपल्यावर एकसष्टपैकी चव्वेचाळीस जणांनी 'थँक्यू सर' लिहिलं. मग एका विद्यार्थिनीचा फोन आला. कहकशां नावाची, देगलूर नाक्याची, सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. ती म्हणाली, "सर, आज आवाजच आला नाही. मला वाटलं माझाच मोबाइल बिघडला." आनंदराजने बघितलं, तर माइक पहिल्यापासून बंद होता. चाळीस मिनिटं तो मुका बोलत होता. आणि त्या तासाला मुलांनी जो अभिप्राय दिला, तो पाचपैकी चार पूर्णांक सहा. त्याच्या उभ्या नोकरीत त्याला इतके गुण कधी मिळाले नव्हते. ते त्याने सरासरीत धरले होते.

ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती, तो आणि कहकशां. आणि कहकशां अहवाल वाचणाऱ्यातली नव्हती.

"अजून एक," धम्मप्रिया म्हणाली. आता तिचा आवाज जरा वर चढला होता. "महिनाभर मीबी पूर्ण ऑनलाइनच हाय. सव्वीस लेक्चर झाले. सगळ्याला माझी हजेरी लागली. पूर्ण ऐकलेले किती असतील? पाच. कॉस्टिंगच्या सरांनी माझं नाव घेऊन प्रश्न इचारला, तवा माझ्या हातात आजीचं भांडं होतं. मी बोलू कशी? सर म्हणले, आजकालची पोरं नुसतं नाव लावून झोपतात."

"आम्हाला सांगायचं ना गं," विशाखा पुटपुटली.

"सांगून काय? मला आजीचं करायला कमीपणा न्हाई मम्मी. पन घरात बसलेली पोरगी तुमाला रिकामीच दिसती. कानात वायर असली तरी दिसती. दळण आण, दूधवाला आलाय, कुकरच्या शिट्ट्या मोज. लातूरच्या बाकावर बसले की मला कुणी उठवत न्हाई. मी सहा दिवस मागून न्हाई राहिले. तीनच दिवस मागते." एवढं बोलून तिने पेन उचललं, आणि आपणच बोललेलं लिहायचं की नाही हे न कळून नुसतीच बसली.

शुद्धोधन स्पायरलची तार बोटाने फिरवत होता. मत टाकलं असतं तर काय झालं असतं याचा हिशेब आनंदराजने मनात केला. शुद्धोधन होकार, तो स्वतः होकार, सम्यकचं सोलरचं अनुमोदन होतंच. ठराव पास. त्याचा अहवाल शाबूत, त्याची 'सर' ही पदवी शाबूत, आणि पोरगी मात्र घरात. आपण गप्प बसलो तर कुणालाही कधीच काही कळणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"ठराव मागं घेतो," तो म्हणाला.

"आं?" शुद्धोधनने तार सोडली.

मग त्याने तो गुरुवार सांगितला. सगळा. मुकं व्याख्यान, चव्वेचाळीस थँक्यू, चार पूर्णांक सहा. सांगताना एकदोन ठिकाणी विनोदही करून बघितला, पण यावेळी माइक चालू असूनही कुणी हसलं नाही.

"मंग पान एकतीस?" शुद्धोधनने विचारलं. त्याच्या आवाजात खरंच दुःख होतं. छापील कागद खोटा निघाला की त्याला घरातलं कुणी आजारी पडल्यासारखं व्हायचं.

"प्राचार्यांना ऑनलाइनचा नवा वर्ग काढायचा होता आणि मला त्यासाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष व्हायचं होतं. दोघांचंही काम झालं." आनंदराज खाली बसला. बसून बोलणं त्याला जमलं, याचं त्यालाच नवल वाटलं. "पूर्ण ऑनलाइन वाईट असं नाही रे. ती कहकशां त्याच्यामुळंच बी.कॉम. झाली. तिला दुसरा रस्ताच नव्हता, तिने तो स्वतः धरला. दोन लेकरं निजवून ती कान देऊन ऐकायची, म्हणून तर आवाज नाही हे तिला एकटीला कळलं. पण मिश्रवाली पोरं समोर येतात ना तीन दिवस, त्यात मागच्या बाकावर एक पोरगी आहे. मी चुकीचं शिकवलं की तिची भुवई वर जाते. ती वर गेली की मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. ऑनलाइनवाल्यांना मी वर्षभर सगळं बरोबरच शिकवलं, कारण भुवई कुणाचीच दिसली नाही."

"झालं तुझं?" शुद्धोधन म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "घे की मागं. तुला काय दादा! ठराव मागं घेशील, कबुली देशील, समदे म्हणतील काय मोठ्या मनाचा माणूस. पाच वाजले की गाडी काढशील. उद्या सकाळी आईला उठवणार कोण? भुवई?"

हे बरोबर होतं. म्हणूनच आनंदराजच्या तोंडून जे निघालं ते निघायला नको होतं. "मी काय आईचं बघतच नाही का? रोज फोन करतो..."

सुकेशिनीने त्याच्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

"करतो ना," खाटेवरून आवाज आला. अध्यक्ष पहिल्यांदाच बोलत होत्या. "खोटं कामून बोलू? रोज साडेआठला करतो. फोनात दिसतो. 'जेवलीस का आई' म्हणतो. हाव म्हणते मी." सरजाबाईंनी पांघरुणाची सुरकुती सारखी केली. "जेवलेली नसले तरी हाव म्हणते. तेवढ्यानं त्याला बरं वाटतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर आनंदराजने काहीतरी मुद्दा काढला असता. त्याला आठवलं, तात्या गेल्यापासून अकरा वर्षं आई इथे आहे. अकरा वर्षं साडेआठचा फोन त्याने चुकवला नव्हता आणि त्याचा त्याला केवढा अभिमान होता. स्टाफरूममध्ये तो सांगायचा, आईशी बोलल्याशिवाय मी जेवत नाही. आईचा मुलगा म्हणून तोही पूर्ण ऑनलाइनच होता. हजेरी शंभर टक्के.

"धम्मप्रिया, लिही," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"दुरुस्ती. धम्मप्रिया मिश्र वर्गातच राहील. आणि..." इथे त्याला थांबावं लागलं. नव्या वर्षाच्या पूर्ण ऑनलाइन वर्गाला कॉलेजात कुणी शिकवायला तयार नव्हतं. प्राचार्य माणूस शोधत होते. तो वर्ग कुठूनही घेता येत होता, रेणापुरातूनसुद्धा. फक्त तो घेतला की सोमवार ते बुधवारचे त्याचे वर्गातले तास दुसऱ्याकडे जाणार होते. फळा जाणार होता, खडू जाणार होता. आणि ती भुवई दुसऱ्या कुणाला तरी दुरुस्त करणार होती. "आणि ऑनलाइन वर्ग मी घेतो. आई वॉकरनं चालू लागेपर्यंत सोमवार, मंगळवार, बुधवार, म्हणजे हिच्या कॉलेजच्या दिवशी, मी इथं राहीन. आईचं मी बघेन."

"तुम्ही?" सुकेशिनीच्या तोंडून निघालं. "अहो, घरात चहाची गाळणी कुठं असते ते तरी माहीत आहे का?"

"शिकेन की."

"आणि शिकवणार कुठून?"

"इथूनच. आईच्या खाटेशेजारून. एखाद्या वेळी माइक बंद राहिला तर आई सांगेल."

शुद्धोधनने कागद वाचावा तसं भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नक्की कुठला शिक्का मारावा हे त्याला ठरवता येत नसावं. "रविवारी संध्याकाळीच यावं लागंल," तो शेवटी म्हणाला. "सकाळच्या गाडीनं येशील तर पोरीची एसटी जाईल."

"येईन."

"मंग अनुमोदन."

विशाखाने हात वर केला. सुकेशिनीने केला. ठराव आता आनंदराजविषयीही होता, म्हणून त्याला मत नव्हतं. तांब्याजवळून "सहमत" असा आवाज आला, तो कुणी मोजला नाही. धम्मप्रियाने पहिला ठराव एका रेघेने खोडला आणि खाली नव्याने लिहिला. शेवटी सहीसाठी रजिस्टर आजीच्या हातात दिलं. सरजाबाई सही शिकल्या होत्या त्या अध्यक्ष झाल्यावर, याच नातीकडून. त्यांनी एकेक अक्षर दमाने काढलं.

*

उद्याच सोमवार होता, म्हणून आनंदराज त्या रात्री परत गेलाच नाही. आठवड्याची रजा मोबाइलवरून टाकली, सुकेशिनी एकटी नांदेडला गेली. रात्रभर त्याला वाटत राहिलं की आपण फार मोठं काही केलं आहे. सकाळी पावणेसातला सगळ्यात आधी तो समज गेला.

शुद्धोधन आणि विशाखा सहालाच बाहेर पडले होते. धम्मप्रिया युनिफॉर्मवर दप्तर अडकवून आजीच्या खाटेशी उभी होती. सात दहाची लातूरची एसटी तिला गाठायची होती.

"आधी उजव्या अंगावर वळवायचं, मोठे पप्पा. ऑपरेशन डावीकडं हाय. मग खांद्याखाली हात."

आनंदराजने हात घातला. आई इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. अकरा वर्षं त्याने फोनात तिचा फक्त चेहराच बघितला होता. तो घाबरला आणि त्याने तिला वर ओढलं.

"आई गं!" सरजाबाई कण्हल्या.

"ओढू नका!" धम्मप्रियाने दप्तर खाली टाकलं. "तुमी नुसता आधार द्यायचा. उठायचं तिनं. परत करा."

त्याने परत केलं. यावेळी पाय खाली सोडायच्या आधीच त्याने हात काढून घेतला. धम्मप्रियाने आजीला सावरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सात वाजायला पाच कमी होते. तिने दप्तराकडे बघितलं, मग घामाघूम झालेल्या काकाकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर आलेली काळजी आनंदराजला स्वच्छ वाचता आली. आज राहू दे, उद्या जाईन, असं ती आता म्हणणार होती. असंच महिनाभर झालं असणार, एकेक उद्या करत.

"एकदा अजून सांग," तो म्हणाला. "उजव्या अंगावर वळवायचं, खांद्याखाली हात, आणि मग?"

तिने तोंड उघडलं. पण सरजाबाईंनी तिच्या मनगटावरचा आपला हात काढून घेतला आणि तो लेकाच्या दंडावर घट्ट रोवला.

"जा गं तू," त्या नातीला म्हणाल्या. "याला मी शिकवते."